टीम बिल्डिंग वर्कशॉप: सकाळचा दोरखंड सोडा, दुपारच्या सिस्टरांचं सेशन तेवढं घ्या

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या कंपन्यांना सध्या टीम बिल्डिंगचं खूळ लागलंय. पावसाळा आला की कुणी ना कुणी बस भरून माणसं जांबोटीकडं नाहीतर आंबोलीकडं नेतंय आणि एचआरवाले टीशर्टमधले फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतायत. यंदा आमच्या फाउंड्रीनंपण नेलं, फाउंड्री म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग करायचा कारखाना. कसं होतं, पैसे वसूल होतात का असं ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. एजन्सीचं नाव घालत नाही, आमच्या मालकांची त्यांची ओळख आहे आणि मला नोकरी करायची आहे. खरं बेळगाव, हुबळी, कोल्हापूर पट्ट्यात फिरणाऱ्या असल्या एजन्सींचा साचा एकच असतोय, त्यामुळं तुम्ही कुणालाही बोलवा, खाली लिहिलेलं उपयोगी पडेल.

पॅकेज असं: एक दिवस, जांबोटी रोडच्या आत एक रिसॉर्ट, माणशी अठराशे रुपये, त्यात नाष्टा, जेवण, दोनदा चहा, टीशर्ट आणि फ्रेम न केलेलं सर्टिफिकेट. मेल्टिंग, मोल्डिंग, कोअर शॉप (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारे वाळूचे कोअर करणारे), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणारे), मशिन शॉप, क्वालिटी, स्टोअर, डिस्पॅच असे सगळे मिळून चाळीसच्या आसपास माणसं. मी क्वालिटीत. एमबीए करताना माझा प्रोजेक्ट याच विषयावर होता, माणसं एकत्र काम कशी करतात आणि कशी करत नाहीत यावर, म्हणून थोडं वाचन झालेलं, आणि तेच नडलं म्हणा, कारण स्टेजवर काही चुकीचं सांगितलं की मला गप्प बसवत नाही. आधीच सांगून टाकतो, सकाळला पाचातले दीड स्टार, दुपारला साडेचार.

सकाळचा ट्रेनर पुण्याहून आलेला, तरतरीत पोरगा, बोलण्यात कुठं अडखळायचा नाही, हिंदी आणि इंग्लिश मिसळून बोलत होता. आमच्यात निम्मी माणसं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, मोल्डिंगवर ओडिशाची पोरं. एचआरच्या मॅडम मधे मधे कन्नडमधे सांगत होत्या खरं त्यांचं सांगून होईपर्यंत पुढचा जोक झालेला असायचा. बुकिंग करताना हे विचारून घ्या, ट्रेनरला कन्नड मराठी दोन्ही येतं का. इथल्या शॉप फ्लोअरवर ज्याला यातली एकतरी येत नाही त्याचं निम्मं बोलणं छतालाच लागतंय.

पहिला खेळ रस्सीखेच. आधी एकास एक, मग तिघांस तीन, मग दहा विरुद्ध दहा, आणि शेवटी भाषण, बघा एकटा माणूस काहीच नाही, एकत्र आलात की ताकद दहापट होते. इथं मला राहवलं नाही, कारण टीमवर्कच्या संशोधनाची सुरुवातच या दोरीपासनं झाली आणि निष्कर्ष बरोब्बर उलटा निघालेला. माक्स रिंगेलमान म्हणून फ्रान्समधे शेतीच्या यंत्रांवर काम करणारे प्राध्यापक होते, माणसं, बैल, यंत्रं यांच्याकडनं काम किती निघतंय हे ते मोजायचे. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावली, एकट्यानं आणि मग गटात, आणि आकडे १९१३ साली छापले. एकट्यानं ओढताना माणूस जेवढा जोर लावतोय तेवढा तो गटात लावत नाही, आठ जण झाले की माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर येतोय. म्हणजे आठ माणसांचा पगार देऊन चार माणसांची ओढ. यात दोन गोष्टी मिसळलेल्या, एक म्हणजे सगळ्यांचा झटका एका क्षणी बसत नाही, आणि दुसरी म्हणजे माणूस मनातच सैल सोडतोय. कुठली किती हे बघायला १९७४ साली अमेरिकेत इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लई भारी युक्ती केली. माणसाच्या डोळ्याला पट्टी बांधून त्याला दोरीला सगळ्यात पुढं उभं केलं, मागं बाकीची माणसं आहेत असं भासवलं, खरं मागचे ओढतच नव्हते. म्हणजे झटका जुळायचा प्रश्नच उरला नाही, तरी पुढच्याचा जोर कमी झाला, नुसतं मागं कोणतरी आहे एवढ्या समजुतीवर. मग १९७९ साली लाताने आणि मंडळींनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दाखवलं, आणि सोशल लोफिंग हे नाव रूढ झालं. आपल्यात त्याला अंग चोरणं म्हणतात, त्यासाठी संशोधन लागत नाही.

मजा म्हणजे आमच्या फेटलिंगच्या एका पोरानं दहाजणांचा राउंड झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, सर मी नुसतीच दोरी धरून हुतो, पुढं अण्णा हायत की. सगळे हसले, ट्रेनरपण हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. खरं त्या पोरानं शंभर वर्षांचं संशोधन एका वाक्यात सांगितलं होतं, तिथं थांबून त्यालाच बोलतं करायला पाहिजे होतं! कारण त्यावरचा उपायपण माहीत आहे, १९८१ च्या प्रयोगात त्याच मंडळींनी दाखवलंय की प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू येणार म्हटल्यावर अंग चोरणं जवळपास बंद होतंय. फाउंड्रीत हे रोज दिसतंय. कोअरवर ज्याचा शिक्का असतोय तो कोअर नीट निघतोय, आणि शिफ्ट संपताना सँड प्लांटची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची असली की ती कुणीच करत नाही.

दुसरा राउंड याहून वाईट. डिपार्टमेंटप्रमाणे चार टीम पाडल्या, फाउंड्री, मशिन शॉप, क्वालिटी अधिक स्टोअर, आणि ऑफिस. दिवसभर पॉइंट, झेंडे, घोषणा, शेवटी ट्रॉफी. आता फाउंड्री आणि मशिन शॉपचं आमच्यात आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य, ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधे हवेचं छिद्र, निघाला की मशिन शॉप म्हणतंय कास्टिंग खराब, फाउंड्री म्हणतीया तुमचं सेटिंग खराब, आणि मधे मी गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, घेऊन उभा. त्यांनाच एकमेकांविरुद्ध उभं केलं! कबड्डीत कोपर लागण्यावरनं जी बोलाचाली झाली ती परतीच्या बसमधे पिरनवाडी येईपर्यंत चालू होती.

ट्रेनरनं मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचं नाव ऐकलं असतं तर हे केलं नसतं. १९५४ साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या जागी शेरीफनी अकराबारा वर्षांच्या २२ पोरांचा समर कॅम्प घेतला, दोन गट केले, बक्षिसासाठी सामने लावले, आणि बघता बघता पोरं एकमेकांचे झेंडे जाळायला, केबिनवर धाडी घालायला लागली. मग त्यांना एकत्र पिक्चर दाखवला, एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. म्हणजे नुसतं एका पंगतीला बसवून काही होत नाही. फरक कधी पडला, तर कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला, ट्रक बंद पडला आणि सगळ्यांनी मिळून तो ओढला तेव्हा. या प्रयोगावर पुढं टीकापण झालीय, त्याआधी १९५३ च्या कॅम्पमधे पोरांनी भांडायला नकार दिला आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला हे नंतर उजेडात आलं. म्हणजे माणसं आपोआप भांडत नाहीत, भांडायची सोय करून द्यावी लागते, आणि ती आमच्या ट्रेनरनं अठराशे रुपयात करून दिली.

बेळगावला तर हे वेगळं सांगायची गरज नाही. आमच्या मेल्टिंगवर कन्नड आणि मराठी माणूस इंडक्शन फर्नेससमोर शेजारी शेजारी उभे असतात, लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, भरला की कोण कुठल्या भाषेत ओरडला हे कुणी बघत नाही, हात मात्र एकाच वेळी हलतात. बाहेर बोर्डावरची अक्षरं कन्नड की मराठी यावरनं काय व्हायचं ते होवो. सगळ्यांचं जळण्याचं भय एक असलं की काम जमतंय. हे ट्रेनरला दाखवायला खरं तर रिसॉर्टवर जायची गरजच नव्हती, एक हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, बघायला थांबला असता तरी कळलं असतं.

मग रंगांची टेस्ट. वीस प्रश्न, त्यावरनं तुम्ही लाल की निळे की पिवळे की हिरवे. आमचे स्टोअरकीपर काका लाल निघाले, म्हणजे आक्रमक नेता, हे काका गेली कित्येक वर्षं एक नट द्यायलापण तीन सह्या मागतात. यावर जास्त लिहीत नाही, टाइमपास म्हणून ठीक. एवढंच सांगतो की टीम चांगली कशानं होते हे बघायला अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ माणसं घेऊन, दोन ते पाच जणांचे गट पाडून वेगवेगळी कामं दिली, २०१० साली सायन्स नावाच्या नियतकालिकात तो पेपर आला, आणि त्यात सगळ्यात हुशार माणूस कुठल्या गटात आहे किंवा गटाची सरासरी हुशारी किती यावरनं फारसं काही ठरत नव्हतं. ठरत होतं ते तीन गोष्टींवरनं. समोरच्याच्या चेहऱ्यावरनं त्याच्या मनातलं ओळखणारी माणसं किती, बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का, आणि गटात बायका किती, यातलं तिसरं बरंचसं पहिल्याशीच जोडलेलं. यावर मागनं वादपण झालेत, आकडेमोड बरोबर नाही असं म्हणणारे आहेत. खरं बोलायच्या पाळीचं मला तंतोतंत पटतं, कारण आमच्या टीममधे इन्स्पेक्शनच्या दोन मॅडम होत्या, रोज हातात गेज धरणाऱ्या, कुठला पार्ट कुठं मार खातोय ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत, आणि आख्ख्या सकाळी त्यांना माइक मिळाला तो फक्त आभार मानायला.

ब्रेनस्टॉर्मिंगचं तर काय सांगू. विषय दिला, रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद होणारा माल, कसं कमी करायचं. फ्लिपचार्ट उभा केला आणि ट्रेनर म्हणाला, चला, सगळे मोठ्यानं आयडिया सांगा. प्लांट मॅनेजर साहेब पहिले बोलले, सँडचं मॉइश्चर, म्हणजे साच्याच्या वाळूतला ओलावा. झालं, पुढचे सगळे मॉइश्चरवरच बोलले. एकानं मॉइश्चर सकाळी तपासा म्हटलं, दुसऱ्यानं संध्याकाळी. असं मोठ्यानं सांगण्याचा मार्ग ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरातवाल्यानं काढला आणि जगभर पसरला, खरं १९५८ सालीच येल विद्यापीठात तपासून बघितलं तर चार माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त आणि चांगल्या कल्पना निघत होत्या. याचं कारण १९८७ साली डील आणि श्ट्रोबे यांनी शोधलं, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतंय आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटून जातंय. त्यात साहेबांसमोर बोलायचं म्हणजे आणखीच. अजून एक भर, १९८५ साली स्टॅसर आणि टायटस यांनी दाखवलंय की मीटिंगमधे माणसं सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच पुन्हा पुन्हा बोलतात, आणि एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट तशीच त्याच्या खिशात राहते. आमची दर सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग डोळ्यासमोर आली. आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, मग वाचा, साहेबांची चिठ्ठी शेवटी, फुकटचा उपाय आहे.

फॉर्मिंग स्टॉर्मिंग नॉर्मिंग परफॉर्मिंगची, म्हणजे टीम आधी जमते, मग भांडते, मग जुळते आणि मग काम करते याची स्लाइड आली तोवर मी चहाला उठलो होतो. टकमन यांनी १९६५ साली दुसऱ्यांचे ५० पेपर वाचून ते टप्पे मांडले, त्यातले बरेच उपचारासाठी जमवलेल्या गटांवरचे. फाउंड्रीतल्या माणसांवर ते नियम म्हणून लावायचं कारण नाही. कोनी गर्सिक यांनी १९८८ साली आठ टीमचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला तर त्या असल्या पायऱ्या चढतच नव्हत्या, मुदतीचा निम्मा काळ जुन्याच चालीत जायचा आणि बरोबर मध्यावर आल्यावर एकदम जाग येऊन कामाची पद्धतच बदलायची. गणपतीच्या मंडळाच्या देखाव्यासारखं, ज्यांनी शहापुरात नाहीतर वडगावात मंडळाचं काम केलंय त्यांना कळेल.

जेवण. भाकरी गरम, झुणका बरा, चिकन जवारी, म्हणजे गावठी, म्हणून सांगितलं खरं नव्हतं, भात गार. कुंदा मात्र उत्तम, कुठनं आणला ते सांगितलं नाही. शाकाहारीवाल्यांची रांग वेगळी नव्हती त्यामुळं आमचे दोघेतिघे दहीभातावर राहिले, आधी सांगून ठेवा.

आता दुपारचं. जेवणानंतर सगळे पेंगणार हे माहीत असल्यासारखं एजन्सीनं कुणाला ठेवलं तर एका रिटायर्ड सिस्टरांना, इथल्याच एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधे आयुष्य काढलेल्या. साडी, चष्मा, स्लाइड एकही नाही. आधी मराठीत एक वाक्य, मग तेच कन्नडमधे, कुठं घाई नाही. पहिलं वाक्यच असं, तुमच्यात कास्टिंग मरतंय, आमच्यात माणूस मरतोय, बाकी फरक काय नाही. पेंगणारे सगळे उठून बसले.

त्यांनी विमानापासनं सुरुवात केली. २७ मार्च १९७७, टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, दोन जंबो विमानं एकाच रनवेवर. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टननं परवानगी मिळायच्या आधीच टेकऑफ घेतला. त्याच्या कॉकपिटमधे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं विचारलंपण, ते पॅन अॅमचं, म्हणजे दुसरं, विमान रनवेवरनं बाजूला झालं नाही का, कॅप्टन म्हणाला, झालंय की, आणि तो विषय तिथंच संपला. ५८३ माणसं गेली. कॅप्टन कंपनीतला मोठा माणूस, दुसऱ्यांना शिकवणारा. सिस्टर म्हणाल्या, इंजिनिअरला माहीत हुतं, खरं त्याला दुसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही, आणि हॉलमधे एकदम शांत. त्यानंतर १९७९ साली नासानं वर्कशॉप घेतलं, आणि १९८१ पासनं युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना शिकवायला सुरुवात केली, ज्युनिअरनं कसं बोलायचं, सिनिअरनं कसं ऐकायचं, शंका असली तर कुठल्या शब्दात सांगायची. यात रंगांची टेस्ट नाही, दोरी नाही, कोण कधी काय बोलणार एवढंच बांधून दिलेलं.

मग ऑपरेशन थिएटर. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आहे, भूल द्यायच्या आधी काय, चिरा घ्यायच्या आधी काय, पेशंट बाहेर न्यायच्या आधी काय विचारायचं ती. आठ देशांतल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात नवी दिल्लीपण होती, आणि २००९ साली आकडे आले, मोठ्या ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरनं ०.८ टक्क्यावर, गुंतागुंत ११ वरनं ७ टक्क्यावर. त्या यादीतला एक मुद्दा म्हणजे चिरा घ्यायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. सिस्टर म्हणाल्या, मोठे डॉक्टर पहिल्यांदा हसायचे, रोजचीच माणसं, नाव काय सांगायचं. खरं एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडलेलं असलं की मधे काही दिसल्यावर दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं. मला हे ऐकून सकाळच्या त्या दोन मॅडम आठवल्या. आणि सिस्टर एवढ्यावर थांबल्या नाहीत म्हणून मला जास्त आवडल्या, त्यांनी स्वतःच सांगितलं की कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत ही यादी सक्तीनं लावली आणि २०१४ साली आकडे बघितले तर लक्षात येण्यासारखा फरक पडलेला नव्हता. का? यावर त्यांचं म्हणणं, आमच्यातपण बघितलंय मी, पेशंट टेबलावर यायच्या आधीच सगळ्या चौकटीत टिक मारून ठेवलेली असती. आमच्या आयएसओ ऑडिटच्या आधीची रात्र ज्यांनी बघितलीय ते सगळे खाली बघायला लागले.

त्यानंतर जोड्या लावून सराव, तोही आमच्याच कामाचा. शिफ्ट संपताना मेल्टरनं पुढच्या मेल्टरला काय सांगायचं हे दोन मिनिटात सांगून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. पहिली जोडी आमच्या फर्नेसवरच्या मामांची. मामा म्हणाले, सगळं ठीक हाय. सिस्टर म्हणाल्या, मामा, सगळं ठीक असलं तर तुमी घरला जावा, मी याला विचारतो. मग मामांनी लायनिंगचं, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराचं सांगितलं, शेवटच्या हीटला टेंपरेचर जरा कमी आलेलं, कुठला पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) बदलायचाय ते. पुढच्या माणसाला यातलं एकही माहीत नसायचं, त्याला ते पहिल्या लॉटचं रिजेक्शन आल्यावर कळायचं. आमच्या डोळ्यासमोर हे सगळं उलगडत होतं आणि फाउंड्रीवाल्यांच्या मागं बसलेले मशिन शॉपवाले पहिल्यांदा गप्प ऐकत होते, कारण त्यांच्याकडं कुठलं कास्टिंग का तसं येतंय याचं उत्तर त्यात होतं.

इथं मी उभा राहून एमी एडमंडसन यांचं संशोधन सांगितलं, सिस्टरांनी बोलू दिलं. हॉस्पिटलमधे औषध देण्यातल्या चुका मोजायला त्या गेल्या तेव्हा चांगल्या टीममधे चुका कमी सापडतील असा अंदाज, निघालं उलटं, चांगल्या टीमच्या चुकाच जास्त नोंदलेल्या. म्हणजे त्या जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. पुढं १९९९ साली एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या ५१ टीम घेऊन त्यांनी हे नीट मांडलं, की बोललो तर आपली लाज काढली जाणार नाही असं जिथं माणसाला वाटतंय तिथं टीम शिकते. गूगलनं नंतर स्वतःच्या १८० टीम तपासल्या, त्यातपण सगळ्यात वर हेच आलं. सिस्टर म्हणाल्या, मला ते नाव माहीत नव्हतं, खरं आमच्या जुन्या मेट्रन बाई असंच चालवायच्या.

मधे अर्धा तास सकाळचा ट्रेनर पुन्हा आला आणि मोठी टीम मोठं स्वप्न असं काहीतरी म्हणून गेला. त्यावर एवढंच, मोठ्या टीमला मोठं काम येतं हे खोटं नाही. हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या पेपरवर ५,१५४ लेखक होते, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. विज्ञानात एकट्यादुकट्याचे पेपर मागं पडून टीमचे पेपर पुढं आले हेपण मोजलेलं आहे. खरं वू, वांग आणि एव्हन्स यांनी २०१९ साली नेचर या नियतकालिकात साडेसहा कोटींच्या वर पेपर, पेटंट आणि सॉफ्टवेअर तपासून दाखवलं की मोठ्या टीम असलेलं काम पुढं नेतात, आणि नवीन वाट जास्त करून लहान टीम पाडतात. सॉफ्टवेअरवाल्यांना तर फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच सांगून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. आपल्याकडं डिस्पॅचला उशीर झाला की पहिलं काय करतात? कॉन्ट्रॅक्टरला फोन करून दहा पोरं मागवतात.

आता मुद्द्याचं, याचा नंतर उपयोग झाला का. सकाळच्या भागाचा नाही. टीशर्ट पहिल्याच धुण्याला आकसला, ट्रॉफी मशिन शॉपच्या कपाटावर आहे आणि फाउंड्रीवाले तिकडं बघत नाहीत. दुपारचा झाला. शिफ्ट बदलताना दोन मिनिटं उभं राहून सांगायचं आणि परत म्हणून दाखवायचं हे मेल्टिंगमधे चालू झालं, मोल्डिंगमधे अर्धवट, ऑफिसमधे अजिबात नाही. रिजेक्शनच्या रजिस्टरमधनं माणसाच्या नावाचा कॉलम काढला आणि काय दिसलं, कधी दिसलं एवढंच ठेवलं. त्याचा परिणाम असा की पहिल्या महिन्यात रजिस्टरमधला आकडा वाढला, आणि मालकांनी केबिनमधे बोलावून विचारलं, वर्कशॉपला पाठवल्यावर रिजेक्शन वाढलं कसं. मला एडमंडसनबाई पुन्हा सांगाव्या लागल्या, यावेळी एसीत. कोअरला तडा दिसला तरी पूर्वी हेल्पर गप्प बसायचा, आता सांगतोय, म्हणून तो आकड्यात दिसतोय, गिऱ्हाइकाकडनं परत येण्याऐवजी आपल्याच गेटच्या आत. मालकांना पटलं का, तर अर्धं. बघू म्हणाले.

एजन्सीवाल्यांची बाजू घेऊन एक सांगतो, टीम बिल्डिंग म्हणजे सगळंच थोतांड असं संशोधन म्हणत नाही. २००९ साली क्लाइन आणि मंडळींनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, उपयोग होतो असं निघालं, खरं सगळ्यात जास्त उपयोग कशाचा, तर ध्येय ठरवणं आणि कुणाचं काम कुठलं हे स्पष्ट करणं या दोन भागांचा. तुम्हाला प्रोग्रॅमचा कागद पाठवला तर त्यात बघा, या दोन गोष्टींना किती वेळ दिलाय आणि फोटो काढायला किती. आमच्या कागदात पहिल्या दोन्ही मिळून शून्य मिनिटं होती, सिस्टरांनी ते आपल्या मनानं घातलं.

बाकी व्यवस्था. हॉल तीस माणसांचा आहे, चाळीस नेली तर मागच्यांना खांब दिसतो. जांबोटी रोडवरनं आत वळल्यावर शेवटचा रस्ता कच्चा, पावसात बस मुख्य रस्त्यावरच थांबते आणि चिखलातनं चालत जावं लागतं, बायकांना सँडल घालून येऊ नका म्हणून सांगा. टॉयलेट स्वच्छ. मोबाइलला रेंज नाही, हे आमच्या मते चांगलं, प्लांट मॅनेजर साहेबांच्या मते नाही. बिल जीएसटीसकट नीट मिळालं.

पुन्हा जाल का विचाराल तर रिसॉर्टवर नाही. मी एजन्सीला फोन करून विचारलं तर सिस्टर अर्ध्या दिवसासाठी कंपनीतच येतात, कँटीनमधे वीसपंचवीस माणसं बसली तरी चालतं, आणि त्याचा रेट आख्ख्या पॅकेजच्या पाव हिश्शालापण येत नाही. हा रेट ते आपणहून सांगत नाहीत, ब्रोशरमधेही नाही, विचारावा लागतो. आणि शनिवारी दुपारी दुसरी शिफ्ट आत येताना ठेवा म्हणजे दोन्ही शिफ्टची माणसं समोरासमोर सापडतात.